नाव बाईचं, किल्ली बुवाची

"लेडीज ओनर आहे हे आधी सांग. तिथंच भाव पाच-दहा हजारांनी चढतो," एजंट माझ्या मुलाला पढवत होता. "आणि इंजिनाचं काढायचं नाही. बोनेट उघडलं तरी त्यांना काय कळणार आहे?"

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. लेडीज ओनर म्हणजे मी. गाडी तेरा वर्षं माझ्या नावावर होती. त्या तेरा वर्षांत तिची किल्ली माझ्या हाती लागली ती फक्त धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात. आणि इंजिनाचं काय काढायचं नाही, हे मला माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्या अंकात मोटारगाडीवर लेख कशाला, असं काहीजणींना वाटेल. पाणी, रेशन, हुंडा, मारहाण हे प्रश्न संपले की काय? संपलेले नाहीत. पण बाईच्या नावाचं घराघरांत काय होतं, ते कुठं लिहिलं जातं आणि कुठून खोडलं जातं, याचा हिशेब आपण वर्षानुवर्षं मांडत आलो आहोत. त्याच हिशेबातलं हे एक पान आहे. शिवाय हे माझ्याच घरात घडलं. शिबिरात टाळ्या घेणारी मी, माझ्या घरातलं झाकून ठेवलं तर मला तोंड उघडायचा हक्क राहणार नाही.

मी आसनगावची. कसाऱ्याहून सुटणारी पहाटेची लोकल पकडून तीस वर्षं नोकरीला गेले. २०१० साली घरात गाडी आणायचं ठरलं, ठरवलं नवऱ्यानं आणि मुलानं. मुंबईहून जुनी मारुती झेन घेतली, २००३ साली कंपनीनं थोड्याच काढलेल्या दोन दारांच्या काळ्या 'कार्बन'पैकी एक. पोरांना ती फार रुबाबदार वाटते. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. सासूबाई एकदा बसल्या आणि पुन्हा बसल्या नाहीत. पैसे माझ्या ऑफिसच्या पतपेढीच्या कर्जाचे, हप्ता माझ्या पगारातून. "तुझ्याच नावावर घेऊ, मान तुझा," असं मला सांगण्यात आलं आणि मी सुखावले, हे कबूल करते. ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या जाहिरातीतही 'लेडी ओनर' असंच छापलं होतं. ती बाई आम्हाला दिसली नाही. सह्या केलेले फॉर्म तिच्या भावानं आणून दिले. ती कोण, तिनं ही गाडी कधी चालवली का, असं विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

२०१९च्या दिवाळीत गाडीचा आवाज बदलला. पूर्वी ती शिवणयंत्रासारखी चालायची, आता घुरघुरायला लागली. मी विचारलं तर "सायलेन्सर बदललाय" असं उत्तर मिळालं. माझा बोनस त्या महिन्यात कुठं गेला, तेही मी विचारलं होतं. त्याचं उत्तर "टायर" असं होतं.

खरं उत्तर असं, की झेनचं मूळ ९९३ सीसीचं इंजिन काढून तिच्यात एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन बसवलं होतं. दोन्ही मारुतीचीच, एकाच घराण्यातली, त्यामुळे फार कापाकापी न करता बसतात. हौशी पोरांमध्ये ही युक्ती जुनी आहे. नंतरच्या एस्टीमचं इंजिन पंच्याऐंशी हॉर्सपॉवरचं, म्हणजे त्या एवढ्याशा हलक्या गाडीत मूळच्यापेक्षा बरीच जास्त ताकद. ब्रेक मात्र होते तेच राहिले. लहान इंजिनासाठी बेतलेले ब्रेक घेऊन माझा मुलगा तीन-साडेतीन वर्षं माळशेजच्या घाटात जात होता आणि मी घरी देवाला दिवा लावत होते. हे नवऱ्याला माहीत होतं, गॅरेजवाल्याला माहीत होतं, नाक्यावरच्या पानवाल्यालाही माहीत होतं. गाडीच्या मालकिणीला तेवढं माहीत नव्हतं.

यंत्राची हौस असण्यावर माझा राग नाही. मी स्वतः पायाच्या शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली तेव्हा आठवडाभर शेजारणींना बोलावून दाखवत होते. इंजिन बदलणं हे पापही नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनं १९८५ च्या सुमारास ११८ एनई नावाची गाडी काढली, ती म्हणजे फियाटच्या जुन्या १२४ च्या सांगाड्यात निस्सानचं इंजिन. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचा सांगाडा विलायतेतल्या व्हॉक्सहॉलचा आणि नंतरच्या काँटेसातलं इंजिन जपानच्या इसुझूचं. तीही एका परीनं इंजिनांची अदलाबदलच होती. पण ती कारखान्यानं केली, तपासून घेतली आणि कागदावर तसं लिहिलं. माझ्या गाडीच्या कागदावर ९९३ आहे आणि पोटात १२९८. त्या कागदावर नाव माझं आहे.

आता या नावाचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या. मलाही तो नंतर आमच्या गटातल्या वकील मैत्रिणीनं बसवून समजावला.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीच्या पुस्तकातला तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकानं वाहनात करायचा नाही. २००० च्या दुरुस्तीनं हे अधिक कडक झालं. केरळातल्या एका खटल्यात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कोणाला? मालकाला. कायद्यात मालक कोण? ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. चालवणारा नाही, हौस करणारा नाही, गॅरेजला पैसे मोजणारा नाही. माझ्या घरात ज्या माणसानं काहीच केलं नव्हतं तेवढी एकच व्यक्ती या व्याख्येत बसत होती.

विम्याचंही तसंच. परक्याला झालेल्या इजेच्या विम्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये होते आणि हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६. आम्ही पहिल्या गटाचा हप्ता भरत होतो आणि गाडी दुसऱ्या गटाची होती. उद्या कोणी गाडीखाली आलं असतं तर विमा कंपनीला भांडायला आयतं कारण मिळालं असतं. ते भांडण पॉलिसी जिच्या नावावर तिच्याशी. म्हणजे माझ्या पेन्शनशी.

गाडी विकून टाकली की सुटलो, असं आमच्या घरच्यांचं मत. तेही खोटं आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणि पुढे चौथ्याकडे गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्या नावावरच राहिली. मग अपघात झाला. न्यायालयानं म्हटलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात माणूस गमावलेल्या घरानं विक्रीच्या साखळीमागे धावत फिरायचं नाही. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. न्यायाधिकरणाच्या दारात उभी असलेली बाई बहुतेक वेळा विधवा असते आणि तिला भरपाई देणारा कोणी एक ठरलेला हवाच. पण नोंदणीतलं नावही जेव्हा बाईचंच असतं, आणि तिनं कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही करून दिलेली असते, तेव्हा दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि गाडी उडवणारा चहाच्या टपरीवर असतो.

त्या फेब्रुवारीच्या दुपारी माझ्यासमोर तेच दोन फॉर्म ठेवलेले होते. घाई का होती तेही सांगते. २००३ ची गाडी, पंधरा वर्षं झाल्यावर २०१८ मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती, ती २०२३ मध्ये संपत होती. पुन्हा वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागली असती आणि इंजिनाचा नंबर पुस्तकाशी ताडला गेला असता. त्याआधी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, हा बेत. फॉर्मवर चेसिस नंबराचा ठसा लागतो, नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात. तो ठसा एजंटनं आधीच घेऊन ठेवला होता. चेसिस खरंच होतं.

घेणारा मुलगा किन्हवलीकडचा, चोविसेक वर्षांचा. सोबत त्याची आई. दीड लाखाला सौदा ठरला होता. पुरुष अंगणात गाडीभोवती उभे आणि ती ओटीवर, माझ्या शेजारी. आमच्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यात त्यांची जमीन गेलेली. नवरा वारल्यापासून सातबारा तिच्या नावावर होता, म्हणून मोबदला तिच्या खात्यात आला. चहा पिता पिता तिनं हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, "गाडी माझ्याच नावानं घ्यायची म्हणतोय पोरगा. पैसे माझे ना." आणि थोड्या वेळानं, "बाई, तुम्ही चालवता का ही? चांगली आहे ना?"

मुंबईची ती न दिसलेली बाई, मग मी, आणि आता ही. एका गाडीला तीन मालकिणी आणि तिघींपैकी एकीलाही लायसन्स नाही.

'लेडीज ओनर' म्हटल्यावर भाव का चढतो, याचा जरा विचार करा. बाईनं गाडी कमी वापरली असणार, हळू चालवली असणार, दामटली नसणार. जुन्या गाडीच्या बाजारात बाईचं नाव हे तिच्या शीलाचं सर्टिफिकेट आहे! लग्नाच्या बाजारात जे चालतं तेच इथं चालतं. बायकांना जोरात चालवता येत नाही या समजावर हे सगळं उभं आहे, हेही गमतीचं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेच्या इंजिनात चढल्या आणि मालगाडीपासून वंदे भारतपर्यंत सगळं चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. पण एजंटला अशी बाई नको असते. त्याला न चालवणारी बाई हवी असते. किंवा खरं तर बाई नकोच असते, तिचं नाव पुरे.

आणि हे नाव आपणच मागितलं होतं. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी वारसा कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. बाईचं नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून कितीजणी तलाठ्याच्या दारात बसल्या आहेत. त्या नावाला अर्थ होता, कारण जमीन तिच्याशिवाय विकता येणार नव्हती. आता २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, आणि घरोघरी पुरुषांना एकाएकी बायकोचं नाव आठवायला लागलं आहे. सूट मिळते तिथं तिचं नाव, कर्ज मिळतं तिथं तिचं नाव, भाव चढतो तिथं तिचं नाव. घराची किल्ली, गाडीची किल्ली आणि बँकेचं ओटीपी येणारा फोन मात्र कुणाच्या खिशात असतो, ते तुम्हीच आपापल्या घरात पाहा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. तिचा पैसा हिरावून घेणं त्यात आहे, तिची वस्तू विकून टाकणं आहे, तिला वापरू न देणं आहे. तिला न सांगता तिच्या नावावर जबाबदारीचा बोजा चढवणं, याला तिथं वेगळं नाव नाही. आपल्या गटाकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीजणी नवऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही करून अडकलेल्या आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. मला तोवर ती 'त्यांची' गोष्ट वाटत होती.

तर त्या दुपारी. मी काही बाणेदारपणे उभी राहिले नाही. "चष्मा सापडत नाही" म्हणून आत गेले आणि कपाटापाशी उभी राहिले. चष्मा गळ्यातच होता. मग नोंदणीचं पुस्तक घेतलं, टॉर्च घेतला आणि अंगणात जाऊन म्हटलं, बोनेट उघडा, मला इंजिनाचा नंबर वाचायचा आहे. नवरा म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं. मी म्हटलं, इंजिनातलं कळत नाही, आकडे कळतात. मुलानं मान खाली घातली. बोनेट त्यानंच उघडलं. पुस्तकातला नंबर मी मोठ्यानं वाचला, इंजिनावरचा मोठ्यानं वाचला आणि पुस्तक मिटलं. किन्हवलीचा मुलगा एजंटच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची आई ओटीवरून उतरून पिशवी घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिली होती.

त्यानंतर घरात जे झालं ते लिहिण्यात अर्थ नाही, तुम्हाला पाठ आहे. दीड लाखावर पाणी सोडलंस. परक्यांसमोर पोराला चोर ठरवलंस. सगळेच करतात. तुमच्या त्या मंडळानं डोकं फिरवलंय. यातला एकच मुद्दा मला लागला, मुलाचा. तो म्हणाला, "मला एकदा विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं." मी म्हटलं, विचारलं होतं, सायलेन्सर म्हणालास. त्यावर तो गप्प झाला.

काही मैत्रिणींनी विचारलं, मग त्या बाईला हळूच कानात सांगून का नाही मोकळी झालीस, एवढा तमाशा कशाला? कारण तिला सांगून सौदा मोडला असता, पण पुढच्या गिऱ्हाइकाशी झाला असता. फॉर्मवर सही माझीच असती. आणखी कोणी म्हणेल, खरं सांगून कमी भावात विकायची. मीही तसंच म्हणत होते. पण कागदाशी न जुळणारं इंजिन हे घेणाऱ्याला सांगितल्यानं जुळत नाही. सांगून विकलं तर तोही त्यात सामील, इतकंच होतं. रस्त्यावर चालणाऱ्या तिसऱ्या माणसाला काय सांगणार?

मार्ग सोपा नाही. मूळ इंजिन गॅरेजवाल्यानं तेव्हाच भंगारात काढलं होतं. आता त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं ९९३ चं इंजिन शोधायचं, तेही पावतीसकट. नाही तर चोरीच्या गाडीचं आणून बसवलं असं व्हायचं. मग नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज, तपासणी, पुस्तकात नवा नंबर. मुलगा सुट्टीच्या दिवशी असं इंजिन शोधत फिरतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्याला दोन मिळाली, पावती कोणी देईना. तोवर नोंदणी संपलेली गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि कोंबड्या तिच्याखाली झोपतात. सापडलं नाही इंजिन, तर गाडी रीतसर मोडीत देऊन नोंदणी रद्द करून घेणार. तो अर्जही माझ्याच सहीनं जाईल आणि त्या वेळी तो मी आधी वाचलेला असेल.

दिवाळीनंतर एका दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला. किन्हवलीची ती बाई आली होती. दुसरी एक जुनी गाडी घेतली होती, पांढरी, चार दारांची, तिच्या नावावर. पोरगा स्टिअरिंगवर, तोंड फुगवून. तिनं कमरेच्या पिशवीतून नोंदणीचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही वाचलं तसं वाचा."

आम्ही दोघी बोनेटवर वाकलो. नंबर कुठं असतो ते पोराला माहीत नव्हतं, मलाही या गाडीचं माहीत नव्हतं. शोधायला दहा मिनिटं गेली. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मी कार्डावरून एकेक आकडा म्हणायचा आणि तिनं टॉर्चच्या उजेडात इंजिनावर बोट ठेवून "आहे" म्हणायचं, असं ठरलं. शेवटचे तीन ग्रीसखाली होते. तिनं पदराच्या टोकानं ते पुसले आणि म्हणाली, "हां, सांगा आता."